जबलपूरचे पेट्रोल

झाडीपट्टीला शर्यत समजावून सांगावी लागत नाही. धान घरात आले की चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याच्या गावांत शंकरपट भरतो. दिवसभर बैलजोड्या धावतात आणि रात्री नाटकाचा पडदा उघडतो. कोसभर चालून आलेली माणसे उन्हात बसून राहतात, कारण सुटणे, धावणे आणि जिंकणे हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढे घडते. विमानांच्या शर्यतीही याच हिशेबाने सुरू झाल्या. विमान एकदा क्षितिजापार गेले की प्रेक्षकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून मैदानाभोवती खांब रोवायचे, विमानांनी त्यांना वळसे घालत फेऱ्या मारायच्या आणि लोकांनी एका जागी बसून पाहायचे, असा मार्ग निघाला.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या रीम्स गावाबाहेर अशी पहिली मोठी शर्यत झाली. दहा किलोमीटरच्या दोन फेऱ्या होत्या. इंग्लिश खाडी ओलांडून महिनाभरापूर्वीच जगभर गाजलेला लुई ब्लेरिओ घरच्या लोकांसमोर उतरला होता. त्याला अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने जेमतेम सहा सेकंदांनी मागे टाकले. कर्टिसला लागली पंधरा मिनिटे पन्नास सेकंद, म्हणजे ताशी पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास. आज नागपूर रस्त्यावरची एसटी या वेगाने धावते. त्या काळी विमानासाठी हा वेग फार मोठा होता.

पुढच्या वीस-बावीस वर्षांत या बंदिस्त फेऱ्यांनी विमानाचे रूपच पालटले. त्या खांबांना पायलॉन म्हणतात. पायलॉनजवळ वळताना विमान जवळजवळ कडेवर उभे राहते, वैमानिकाचे अंग खुर्चीत दाबले जाते आणि वळणात प्रत्येक वेळी थोडा वेग सांडतो. खांबापासून दुरून वळावे तर अंतर वाढते. फार जवळून वळावे तर खांब बाहेरच्या अंगाला सुटण्याची भीती, आणि खांब चुकला की तो गाठण्यासाठी पुन्हा वळसा घ्यावा लागतो. हे सारे जमिनीपासून थोड्याच उंचीवर, शेजारी दुसरी विमाने असताना. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठीच्या श्नायडर चषकात १९३१ साली ब्रिटनच्या जॉन बूथमनने ताशी ५४७ किलोमीटरचा सरासरी वेग गाठला. बावीस वर्षांत पंच्याहत्तरवरून पाचशे सत्तेचाळीस! अमेरिकेत क्लीव्हलँडला थॉम्पसन चषकासाठी लाखांनी माणसे जमत. तिथला राजा होता रॉस्को टर्नर. स्वतः बेतलेला गणवेश, टोकाला पीळ दिलेल्या मिशा आणि काही काळ विमानात सोबत पॅराशूट बांधलेला सिंहाचा छावा. दिखाऊपणा पुष्कळ, पण हात पक्का: थॉम्पसन चषक तीनदा जिंकणारा तो एकटाच. या टर्नरशी आपली गाठ पुढे अलाहाबादच्या अंधारात पडणार आहे.

हिंदुस्थानात १९३० च्या दशकात दिल्लीला व्हाइसरॉयच्या चषकासाठी शर्यती होत. मुंबईत जुहूला, दिल्लीला, कराचीला फ्लाइंग क्लब निघाले होते. पण आपल्या आकाशातल्या खऱ्या मोठ्या शर्यती खांबाभोवतीच्या नव्हत्या, त्या खंड ओलांडणाऱ्या होत्या. फरक नुसता अंतराचा नाही. खांबाभोवती उडणाऱ्याचे इंजिन खोकले तर खाली मैदान असते, मेकॅनिक असतो, पेट्रोलची टाकी असते, दवाखान्याची गाडीसुद्धा असते. खंड ओलांडणाऱ्याला यांपैकी प्रत्येक गोष्ट वाटेत शोधावी लागते. हिंदुस्थानाशी जोडलेल्या या शर्यतींची हकिकत वाचताना मला वारंवार हेच दिसते की उड्डाण आकाशात झाले आणि निकाल जमिनीवर लागला. कधी चार स्पार्क प्लगांनी, कधी मोटारबसच्या पेट्रोलने, तर कधी चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या गाडीने.

पहिली हकिकत १९३० ची. आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधले अंतर जो हिंदी माणूस एकट्याने, ठरलेल्या मुदतीत, कोणत्याही दिशेने सर्वांत आधी उडून काटेल त्याला. तीन तरुण पुढे आले. रावळपिंडीचा मनमोहन सिंग, कराचीचा अस्पी इंजिनीअर आणि मुंबईचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. अस्पी सतरा वर्षांचा, जेआरडी पंचवीस वर्षांचे. जेआरडींना आदल्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ ला, हिंदुस्थानात दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, तेव्हा यांतले दोघे एकाच इलाख्याचे. विमाने जिप्सी मॉथ जातीची, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली. बसायची जागा उघडी, रेडिओ नाही, हाताशी होकायंत्र आणि नकाशा.

मनमोहन सिंग पोचला, पण वाटेतल्या अडचणींत मुदत उलटून गेली. उरले दोघे, आणि ते एकमेकांच्या दिशेने उडत होते. अस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे निघालेला. जेआरडींनी ३ मे १९३० ला कराची सोडलेली. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर विमानतळावर जेआरडी उतरले तर समोर अस्पीचे मॉथ उभे. त्याचे स्पार्क प्लग गेले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. तो ते येण्याची वाट पाहत तिथे अडकून पडला होता.

जेआरडींकडे जादा प्लग होते. ते देणे म्हणजे बक्षीस देण्यासारखेच होते, आणि त्यांनी ते दिले. अस्पीने आपले तरंगजाकीट त्यांना देऊन टाकले, कारण भूमध्य समुद्र आता जेआरडींच्या पुढ्यात होता. अस्पी ११ मे ला कराचीत पोचला. जेआरडी लंडनला उतरले तेव्हा शर्यत त्यांच्या हातून निसटली होती, तीही थोडक्या तासांनी. या विजयाने अस्पीला हवाई दलाचे दार उघडायला मदत झाली, याचाच आनंद जेआरडी पुढे बोलून दाखवत. १९६० साली अस्पी इंजिनीअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. दानत म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण तिच्या पोटात दुसरी गोष्ट आहे. इंग्लंडपासून कराचीपर्यंतच्या हवाई वाटेवरच्या एका महत्त्वाच्या विमानतळावर, लष्कराच्या ताब्यातल्या विमानतळावर, त्या विमानाला चालतील असे चार प्लग मिळाले नाहीत.

त्याच आठवड्यात आणखी एक मॉथ विमान त्या वाटेवर होते. यॉर्कशरची ॲमी जॉन्सन ५ मे ला क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाकडे एकटी निघाली होती. १० मे ला ती कराचीत उतरली, म्हणजे अस्पीच्या एक दिवस आधी. दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादच्या दिशेने उडाली. वाटेत इंधन संपत आले आणि तिला झाशीला, पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर, विमान टेकवावे लागले. त्यात विमानाचा पंख दुखावला. तिथल्या माणसांनी तो कसाबसा सांधून दिला आणि २४ मे ला ती डार्विनला पोचली. मध्य हिंदुस्थानने तिची घेतलेली ही पहिली परीक्षा. दुसरी चार वर्षांनी यायची होती, आणि ती जास्त कठोर होती.

मधल्या काळात, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडींनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पस मॉथ विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे जुहूला आणले. अहमदाबादला या विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. टाटांच्या नियमित हवाई टपालाचा पहिला दिवस तो. विमान ताशी दीडशे किलोमीटरने आले आणि त्याचे अन्न बैलाच्या चालीने. मात्र ते वेळेवर येऊन थांबले होते, म्हणून टपालही वेळेवर पोचले.

आता १९३४. मेलबर्न शहराच्या शताब्दीसाठी तिथले चॉकलेटचे कारखानदार सर मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी इंग्लंड ते मेलबर्न अशी विमानांची शर्यत ठेवली. अंतर सुमारे अठरा हजार किलोमीटर. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि ऑस्ट्रेलियातले शार्लव्हिल हे पाच थांबे सक्तीचे. याखेरीज वाटेत अनेक ऐच्छिक थांबे ठरवून तिथे इंधनाचे साठे केले होते. हिंदुस्थानात कराची, जोधपूर आणि कलकत्ता त्यांत होते. यादीत जबलपूर नव्हते. नागपूरही नव्हते.

शर्यतीसाठी डी हॅविलँड कंपनीने तीन खास विमाने बांधली, कॉमेट. प्रत्येकाची किंमत पाच हजार पौंड, म्हणजे बांधणीच्या खर्चापेक्षा कमीच. सडपातळ लाकडी अंग, दोन इंजिने, पुढे इंधनाच्या टाक्या आणि मागे एकामागे एक बसलेले दोन वैमानिक. चाके हाताने चक्र फिरवून आत घ्यायची. पंख्याची पाती उड्डाणापूर्वी योग्य कोनात आणायला चक्क सायकलच्या पंपाने हवा भरायची. वेग आला की ती आपोआप दुसऱ्या कोनात जात, आणि मग पुन्हा जमिनीवर उतरल्याशिवाय बदलता येत नसत. इतके धारदार यंत्र आणि इतके नाजूक. त्याची इंजिने नेहमीच्या इंजिनांपेक्षा जास्त दाब देणारी होती. अशा इंजिनाला पेट्रोल उंची लागते. हलक्या प्रतीचे दिले तर ते सिलिंडरमध्ये ठिणगीला धरून शांतपणे जळत नाही, अवेळी भडकते. इंजिन खडखडू लागते, पिस्टनचा माथा तापतो, आणि त्याच जोराने ते पळवत राहिले तर तो जळतो.

तीन कॉमेटपैकी काळ्या-सोनेरी रंगाचे ‘ब्लॅक मॅजिक’ जिम मॉलिसन आणि ॲमी यांचे. १९३२ साली त्यांचे लग्न झाले होते आणि वर्तमानपत्रांना या जोडप्याचे वेड लागले होते. लाल ‘ग्रोव्हनर हाउस’ चार्ल्स स्कॉट आणि टॉम कॅम्पबेल ब्लॅक यांच्याकडे. २० ऑक्टोबरच्या पहाटे इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलहून वीस विमाने एकामागून एक निघाली. मॉलिसन जोडपे सर्वांत पुढे. बगदादपर्यंत न थांबता, तिथून कराचीला, आणि निघाल्यापासून सव्वाबावीस तासांत ती दोघे हिंदुस्थानच्या भूमीवर होती. इंग्लंड-हिंदुस्थानचा विक्रम मोडला होता. चार वर्षांपूर्वी याच कराचीला यायला ॲमीला सहा दिवस लागले होते.

इथून त्यांचे ग्रह फिरले. कराचीहून उडाल्यावर चाके आत जाईनात, म्हणून परत यावे लागले. दुरुस्तीत तास गेले. तोवर स्कॉट आणि ब्लॅक बगदादहून कराचीला न थांबता थेट अलाहाबादला पोचले आणि पुढेही निघाले. मॉलिसन पुन्हा उडाले ते हातचे गेलेले परत मिळवायच्या घाईत. कराचीहून अलाहाबाद जवळजवळ सरळ पूर्वेला आहे. रात्र, खाली दिव्याविना पसरलेला मुलूख आणि थकलेली दोन माणसे. त्यांची वाट दक्षिणेकडे सरकत गेली. इंधन संपत आले तेव्हा ती दोघे अलाहाबादच्या तीनशेहून अधिक किलोमीटर नैर्ऋत्येला, जबलपूरला उतरली.

जबलपूर मध्यप्रांतात. नागपूर या प्रांताची राजधानी आणि आपला चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्हा याच प्रांताच्या दक्षिण टोकाला. जबलपूर म्हणजे छावणी, तोफगाड्यांचा कारखाना, रेल्वेचे मोठे जंक्शन. प्रांतातल्या पुढारलेल्या शहरांपैकी एक. पण कॉमेटला लागणारे पेट्रोल तिथे नव्हते. होते ते गावातल्या बस कंपनीचे. दुसरा मार्ग नव्हता, ते टाक्यांत भरले गेले. त्यानंतर व्हायचे ते झाले. अलाहाबादच्या वाटेवर एका इंजिनाचा पिस्टन धरला, तेलाची नळी फुटली आणि ‘ब्लॅक मॅजिक’ एका इंजिनावर रखडत अलाहाबादच्या बम्हरौली विमानतळावर आले. मॉलिसनांची शर्यत तिथेच संपली.

त्या बस कंपनीला दोष द्यायचे कारण नाही. ज्याने ते पेट्रोल दिले त्याने आपल्याजवळचे उत्तम तेच दिले असणार. त्याच्या बसगाड्या त्यावरच धावत होत्या. एवढे मोठे हवाई दिव्य ज्या प्रांताच्या जवळून जाणार होते त्या प्रांतात शर्यतीच्या विमानांसाठी पेट्रोलचा एकही ठरलेला साठा नव्हता, खेद वाटतो तो याचा. शर्यत आखणाऱ्यांनी नकाशावर रेघ ओढली होती, आणि रेघ सोडून दोन्ही बाजूंचा मुलूख त्यांच्या लेखी रिकामा होता.

तो रिकामा नव्हता. त्या रेघेच्या दक्षिणेला काय होते ते चांद्याकडच्या माणसाने सांगायला हवे. जबलपूरपासून हवेच्या वाटेने चांदा सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मॉलिसन आणखी तासभर तसेच दक्षिणेला भरकटले असते तर त्यांच्या खाली वैनगंगेचे खोरे आले असते. ऑक्टोबरचा महिना, म्हणजे बांध्यांत उभे धान. प्रत्येक बांधीला हात-दीड हात उंचीचा बांध. त्यावर चाक आदळले की विमान उलटलेच. बांध्या संपल्या की साग, ऐन, मोह, बांबू. पुढे आलापल्लीचे साग, ज्यांची बरोबरी लोक ब्रह्मदेशच्या सागाशी करत, आणि थेट सिरोंच्यापर्यंत, प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते तिथपर्यंत, झाडांचा अखंड पट्टा. वैमानिकाच्या डोळ्यांना या सगळ्यात दोनच खुणा लागल्या असत्या: चांदण्यात चमकणारी नदी आणि लोखंडी रुळांची रेघ. रूळ तेव्हा नवे होते. काझीपेठ-बल्लारशा जोडमार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ वाट बल्लारशावरून जाऊ लागली. बल्लारपूरचा कोळसा, आलापल्लीचा साग, हे सगळे जमिनीवरून बाहेर जात होते. आकाशातून येणाऱ्यासाठी या जिल्ह्यात काही मांडून ठेवावे, असे कोणाच्या गावीही नव्हते. त्या काळी ते विचित्रही नव्हते. चांदा जिल्ह्यातल्या कित्येक गावांना पावसाळ्यात बैलगाडीची वाटही राहत नसे.

अलाहाबाद मात्र सक्तीचा थांबा होता, तिथे तयारी होती. तरीही दोन विमानांची कसोटी लागली. क्लीव्हलँडचा राजा रॉस्को टर्नर आपला साथी क्लाइड पँगबॉर्न आणि रेडिओ सांभाळणारा रीडर निकोल्स यांना घेऊन बोइंग २४७ मध्ये निघाला होता. खांबाला वळसा घालताना इंचाइंचाचा अंदाज चुकू न देणारा हा माणूस, पण अंधारात अलाहाबाद शोधताना तोही चुकला. शहर ओलांडून पुढे गेला, मागे वळला आणि उतरला तेव्हा टाक्या जवळजवळ कोरड्या होत्या. मेलबर्नला तो तिसरा आला. डच पँडर कंपनीच्या विमानाचे नशीब आणखी वाईट. अलाहाबादला उतरताना चाके नीट बाहेर आली नाहीत आणि पंख्यांना इजा झाली. मोठ्या जिद्दीने दुरुस्ती करून २६ ऑक्टोबरला रात्री ते उडायला धावू लागले, तर मैदानात दिव्याचे सामान घेऊन उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन आदळले. विमान पेटून खाक झाले. आतली माणसे किरकोळ भाजून वाचली. वैमानिकांना दिसावे म्हणून आणलेल्या दिव्याच्या गाडीनेच विमान खाल्ले.

पुढची शर्यत थोडक्यात. स्कॉट आणि ब्लॅक यांच्या डाव्या इंजिनाचा तेलाचा दाब तिमोर समुद्रावर पडला. ते कसेबसे डार्विनला पोचले आणि निघाल्यापासून सुमारे ७१ तासांत मेलबर्नला जिंकले. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा क्रमांक. केएलएम कंपनीचे ‘उइव्हर’, डग्लस डीसी-२. ते शर्यतीसाठी बांधलेले नव्हते, नेहमीचे प्रवासी विमान होते. आत तीन प्रवासी आणि टपालाच्या हजारो चिठ्ठ्या. शेवटच्या रात्री वादळात ते ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरी गावावर वाट चुकून घिरट्या घालू लागले. गावकऱ्यांनी काय केले पाहा. नगरपालिकेच्या वीज अभियंत्याने गावचे दिवे उघडझाप करून मोर्स लिपीत गावाचे नाव आकाशाला सांगितले. रेडिओच्या निवेदकाने लोकांना मोटारी घेऊन रेसकोर्सवर यायची हाक दिली. मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात विमान उतरले. सकाळी चिखलात रुतलेली चाके लोकांनी दोर लावून ओढून काढली आणि ‘उइव्हर’ दुसरे आले. ऑल्बरीही ठरलेल्या थांब्यांच्या यादीत नव्हते. जबलपूर आणि ऑल्बरी यांच्यात माणसांच्या चांगुलपणाचा फरक नव्हता. ऑल्बरीला वीज होती, रेडिओ होता, मोटारी होत्या आणि त्या रात्री तेवढेच लागत होते.

दोन महिन्यांनी, २० डिसेंबरला, हेच ‘उइव्हर’ नाताळचे टपाल घेऊन पूर्वेकडे येताना इराक-सीरियाच्या वाळवंटात कोसळले. आतले सातही जण गेले. टॉम कॅम्पबेल ब्लॅक १९३६ साली लिव्हरपूलच्या विमानतळावर गेला. तो जमिनीवरच विमान चालवत नेत असताना हवाई दलाचे एक विमान त्याच्यावर येऊन आदळले. ॲमी १९४१ च्या जानेवारीत थेम्सच्या मुखाशी बुडाली. ‘ब्लॅक मॅजिक’ पोर्तुगाल सरकारने विकत घेतले. स्कॉट-ब्लॅकचे लाल कॉमेट मात्र इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनच्या संग्रहात जपलेले आहे आणि अलीकडच्या काळातही उडालेले आहे.

शर्यतींनी शिकवलेला धडा आपल्याकडे कुठे मुरला असे विचाराल तर मी नागपूरच्या सोनेगावकडे बोट दाखवीन. ३० जानेवारी १९४९ ला देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासहून चार डकोटा विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ज्या प्रांतात पंधरा वर्षांपूर्वी भरकटलेल्या विमानाला बसचे पेट्रोल घ्यावे लागले होते, त्याच प्रांताच्या राजधानीत रोज रात्री चार दिशांची चार विमाने घड्याळ लावून उतरू लागली. दिवे, इंधन, मेकॅनिक, हवामानाचा अंदाज, सगळे तिथे हजर. १९७३ पर्यंत ही सेवा चालली. यात कोणाला चषक मिळाला नाही. पण अंधारात, ठरल्या वेळी, एकाच बिंदूवर चार विमाने आणण्याचे हे कौशल्य मला थॉम्पसन चषकाहून तसूभरही कमी वाटत नाही. चांद्याहून रेल्वेने नागपूरला गेलेले पत्र या सेवेमुळे दुसऱ्या सकाळी कलकत्त्यात असू शकत होते. जंगलाच्या जिल्ह्याला विमानाचा पहिला खरा उपयोग झाला असेल तर तो असा, पोस्टाच्या पेटीतून.

चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आली आणि अलीकडे तिथे नागपूर फ्लाइंग क्लबचे वैमानिक प्रशिक्षण सुरू झाले. शिकाऊ वैमानिकाचे पहिले पाठ म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या. उडायचे, डावीकडे वळायचे, धावपट्टीला समांतर परत यायचे, पुन्हा दोनदा वळून टेकायचे आणि लगेच पुढची फेरी घ्यायची. वेग सोडला तर पायलॉनच्या शर्यतीचा सांगाडा हाच. अमेरिकेत रेनोला १९६४ पासून २०२३ पर्यंत खांबांभोवती ताशी सातशे-आठशे किलोमीटरने विमाने पळत होती. तिथल्या प्रत्येक वैमानिकाची सुरुवातही अशाच संथ फेऱ्यांनी झाली असणार. वीज केंद्राच्या चिमण्या आणि कोळशाच्या खाणी यांच्या शेजारी या जिल्ह्यातली मुले-मुली त्या फेऱ्या शिकू शकतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. वैमानिक होणे ही मुंबई-पुण्याच्या मुलांची मिरासदारी नव्हे.

मोठ्या विमानतळासाठी राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगावची जागा पुढे आली, तेव्हा वनजमीन आणि वाघांच्या येण्या-जाण्याच्या वाटेचा प्रश्न आडवा आला. तो प्रश्न खरा आहे. १९३४ च्या आखणीकारांसारखे आपणही नकाशावर रेघ ओढून बाजूचा मुलूख रिकामा समजू लागलो, तर ती तीच चूक ठरेल, फक्त उलट दिशेने केलेली. गडचिरोलीत धावपट्टीवाचूनही आकाश रोजच्या कामाला आले आहे. चकमकीत जखमी झालेल्या जवानांना नागपूरच्या दवाखान्यात पोचवायला हेलिकॉप्टर येते. एप्रिल २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दुर्गम केंद्रांकडे निघालेल्या मतदान पथकांना हेलिकॉप्टरने जंगलातल्या तळांवर उतरवले गेले, आणि तिथून पुढची वाट त्यांनी यंत्रे घेऊन पायी काटली.